बिनडोक, भाचा आणि चोर

“पाच गोल खाल्ले. असली टीम शेंबडं पोरगंबी काढणार नाही, निवडणारे बिनडोक. अध्यक्षाचा भाचा गोलकीपर, मग दुसरं काय होणार. किटच्या पैशाचं काय झालं ते सगळ्या गावाला माहीत आहे. चोर कुठले.”

व्हॉट्सॲप स्टेटसला टाकलेल्या या ओळी. लिहिणारा १९ वर्षांचा, परभणीतल्या एका छोट्या फुटबॉल क्लबचा कट्टर चाहता. नांदेडला झालेल्या सामन्यात संघाने ५-० असा मार खाल्ला, आणि परतताना गाडी पूर्णा जंक्शनला उभी असताना त्याने हे लिहून टाकलं. परभणी स्टेशनवर उतरेपर्यंत क्लबच्या चिटणीसांचा फोन आला : “काय लिहायलास रे? आधी स्टेटस काढ. नाहीतर मानहानीचा दावा ठोकतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर माझी वाट बघत उभा. मी वकिली करतो आणि रविवारी लेफ्ट बॅक खेळतो, त्यामुळे असली प्रकरणं माझ्याकडेच येतात. चेहरा उतरलेला, रात्रभर झोप नाही. पहिलाच प्रश्न : “सर, उचलतेत का मला?”

त्याला टपरीवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. मँचेस्टर युनायटेडच्या मालकांना शिव्या घालताना आपल्या पोरांना काही वाटत नाही. ते मालक परभणीत येऊन नोटीस बजावणार नाहीत. गावातल्या क्लबवर लिहिताना मात्र बोट अडखळतं. अध्यक्ष रोज बाजारात भेटतात आणि चिटणीस वडिलांच्या ओळखीचे असतात.

उचलतेत का?

नाही उचलत. पण ही भीती उगाच आलेली नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी मुंबई बंद होती. त्यावर फेसबुकवर लिहिणारी पालघरची एक तरुणी आणि तिच्या मजकुराला ‘लाइक’ देणारी तिची मैत्रीण, दोघींना पोलिसांनी अटक केली. माहिती तंत्रज्ञान कायद्यात तेव्हा कलम ६६अ होतं. इंटरनेटवरच्या मजकुराने कुणाला नुसता ‘त्रास’ झाला तरी गुन्हा होईल, इतकं ते सैल होतं. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. तरी त्या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवणं थांबेना. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला सगळ्या राज्यांना पुन्हा बजावावं लागलं की, बाबांनो, हे कलम आता अस्तित्वात नाही.

उरते ती अब्रुनुकसानी. ती पूर्वी भारतीय दंड विधानाच्या कलम ४९९ आणि ५०० मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा नव्याने आलेली समाजसेवा. (मैदान झाडायला लावलं तर आमच्या पोरांना ती शिक्षा वाटायची नाही.) हा गुन्हाच नको, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. २०१६ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली.

पण हा गुन्हा अदखलपात्र आहे. म्हणजे चिटणीस ठाण्यात गेले तर पोलीस फार तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतील आणि कोर्टाचा रस्ता दाखवतील. ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः दंडाधिकाऱ्यांपुढे फिर्याद द्यायची. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे कोर्टाने तिची दखल घेण्यापूर्वी समोरच्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. फौजदारी फिर्यादीला मुदत तीन वर्षांची. दिवाणी कोर्टात भरपाईचा दावा करायचा तर मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात. आणि वकिलाची नोटीस? ती वकिलाने अशिलाच्या वतीने पाठवलेलं पत्र आहे. कोर्टाचा त्यावर शिक्का नसतो. तिला उत्तर द्यावं, पण ती हातात पडली म्हणून घाम फुटायचं कारण नाही.

हे सांगितल्यावर त्याने चहाचा पहिला घोट घेतला.

पोलीस दारात आलेच तर दुसऱ्याच कारणाने. त्याच्या स्टेटसचा स्क्रीनशॉट एका ग्रुपवर फिरला आणि त्याखाली कुणीतरी लिहिलं, “कोचला मैदानावर दिसू द्या, तंगडीच मोडतो.” टीका बाजूला राहिली, ही सरळ धमकी झाली. खोट्या किंवा लपवलेल्या नावाने धमकी दिली तर जास्तीची शिक्षा आहे. कुणी जातीवर घसरला आणि समोरची व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची असेल, तर ॲट्रॉसिटीचा गुन्हा लागू शकतो आणि तिथे अटकपूर्व जामीनही सहजी मिळत नाही. रागाच्या भरात या दोन ओळी किती पटकन टाइप होतात, ते कुठल्याही मॅचनंतर ग्रुप उघडून पाहा.

बिनडोक

आता त्याच्या स्टेटसमधला एकेक शब्द घेऊ. चिटणीसांना सगळ्यांत जास्त झोंबलेला शब्द ‘बिनडोक’. गंमत अशी की, कायद्याच्या नजरेत तोच सगळ्यांत निरुपद्रवी.

कलम ३५६ ला दहा अपवाद जोडलेले आहेत. त्यांतला एक असा : एखादी कृती कर्त्यानेच लोकांच्या न्यायाला सादर केली असेल, तर तिच्या गुणवत्तेवर सद्भावाने मत देणं ही बदनामी नव्हे. पुस्तक छापणारा, रंगमंचावर गाणारा, सगळे यात आले. तिकीट लावा किंवा फुकट दाखवा, लोकांपुढे संघ उतरवला की त्याच्या खेळावर लोक बोलणारच, आणि संघ निवडणाऱ्याच्या अकलेचाही हिशोब होणारच.

हा अपवाद समजावायला कायद्यातच एक उदाहरण दिलं आहे आणि ते मला फार आवडतं. कुणी म्हणालं, “याचं पुस्तक मूर्खपणाचं आहे, म्हणजे लिहिणारा दुबळ्या बुद्धीचा असणार”, तर चालतं. कारण लेखकाबद्दलचं मत पुस्तकातूनच काढलेलं आहे. पण तोच म्हणाला, “पुस्तक मूर्खपणाचं निघालं यात नवल नाही, तो माणूसच बदफैली आहे”, तर संरक्षण गेलं. इथे मत पुस्तकातून आलेलं नाही, पुस्तकाबाहेरून माणसाच्या चारित्र्यावर आलेलं आहे.

आता हेच उदाहरण मैदानावर आणून बसवा. “५-० ने हरलो, तीन बचावपटू घेऊन खेळलो, निवडणारे बिनडोक.” हे मैदानातून निघालेलं मत. “हरणारच, कोच रात्री पिऊन पडलेला असतो.” हे मैदानाबाहेरून आलं. ते सिद्ध करायची वेळ आली तर कुणाला साक्षीला उभं करणार?

भाचा

“अध्यक्षाचा भाचा गोलकीपर.” मी विचारलं, खरंच भाचा आहे का? तो म्हणाला, “सख्ख्या बहिणीचा.” मग हे विधान खरं आहे. पण खरं आहे म्हणून सगळं संपलं असं फौजदारी कायदा म्हणत नाही. दिवाणी दाव्यात सत्य हा पुरेसा बचाव असतो. फौजदारीत सत्याबरोबर लोकहितही दाखवावं लागतं. अध्यक्षाच्या घरातली भांडणं खरी असली तरी ती स्टेटसला टाकून क्लबचं काय भलं होणार? गोलकीपर निवडताना नातं पाहिलं की हात पाहिले, हा प्रश्न मात्र क्लबच्या प्रत्येक सभासदाचा आहे.

पुढची अर्धी ओळ, “मग दुसरं काय होणार”, म्हणजे टोमणा. मराठवाड्यात टोमण्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, आणि आपण समजतो की टोमणा कुठे पकडता येतो. पकडता येतो. उपरोधाने केलेला आरोपही आरोपच, असं कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलेलं आहे. त्याचंही उदाहरण कायद्यातच आहे : घड्याळ चोरीला गेल्यावर कुणी मुद्दाम म्हणावं, “अमका प्रामाणिक माणूस हो, त्याने घड्याळ कधीच चोरलं नाही.” ऐकणाऱ्याने जे समजायचं ते समजलं. म्हणून “आमचे खजिनदार म्हणजे हरिश्चंद्राचे अवतार” असं लिहून शेजारी डोळा मारणारं चित्र टाकलं, तर ती स्तुती होती असं कोर्टात सांगून सुटका नाही.

भाच्याच्या ओळीत तसला आरोप नाही. वशिल्याने निवड झाली, हे नात्यावरून आणि पाच गोलांवरून काढलेलं मत आहे. मला ती ओळ ठीक वाटली.

चोर

इथे मी त्याला थांबवलं. “किटच्या पैशाचं काय झालं ते सगळ्या गावाला माहीत आहे.” तुला काय माहीत आहे? तो म्हणाला, “सर, सगळेच म्हणतेत.” प्रत्येक सभासदाकडून वर्गणी घेतली, किट आलं ते पहिल्याच धुण्यात विटलं, म्हणजे पैसे खाल्ले. हा सगळा पुरावा.

संघ निवडीवरच्या शिवीत आणि पैशाच्या आरोपात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘बिनडोक’ हे मत आहे, ते खरं-खोटं करता येत नाही. ‘चोर’ हे घडलेल्या गोष्टीबद्दलचं विधान आहे. ते खरं असतं किंवा खोटं, आणि लिहिणाऱ्याला ते दाखवून द्यावं लागतं. “सगळे म्हणतात” हा बचाव चालत नाही, कारण उद्या ते सगळे कोर्टात येत नाहीत. “मी मनापासून लिहिलं, माझं मन साफ होतं” हेही पुरत नाही. कायद्यातला ‘सद्भाव’ हा शब्द फसवा आहे. आपल्याला वाटतं त्याचा अर्थ चांगला हेतू. न्याय संहितेच्या व्याख्येप्रमाणे पुरेशी काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावाने केलेली मानलीच जात नाही. म्हणजे लिहिण्याआधी तू काय तपासलंस, ते विचारलं जाणार.

आणि तपासता येतं. हे बहुतेकांना ठाऊक नसतं म्हणून जरा खोलात जातो. आपल्याकडच्या मंडळांसारखे बहुतेक क्लब संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेले असतात. अशा संस्थेला दरवर्षी हिशोब तपासून घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल करावे लागतात. पदाधिकारी बदलले तर तो बदलही कळवावा लागतो. कोर्टात त्याला सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. अर्ज करून, फी भरून या कागदांच्या नकला मागता येतात. क्लबला सरकारी अनुदान मिळालं असेल, किंवा मैदानावर सरकारी पैसा लागला असेल, तर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे माहिती अधिकाराचा अर्ज. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मी पाहिलंय, निम्म्या वेळा हिशोबच दाखल नसतात. मग “या क्लबने दोन वर्षांचे हिशोब दाखल केलेले नाहीत” असं लिहिता येतं. ते ‘चोर’पेक्षा जास्त लागतं, आणि त्याच्यामागे कागद असतो.

फॉरवर्ड करणाऱ्यांनी आपण सुटलो असं समजू नये. दुसऱ्याचा बदनामीकारक मजकूर आपल्या खात्यावरून पुन्हा पसरवणं हीसुद्धा बदनामी ठरू शकते, असं दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रिट्विटच्या प्रकरणात म्हटलं. ग्रुप ॲडमिनला मात्र दिलासा आहे. सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, असा निकाल आपल्याच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला. ॲडमिनने त्या माणसाशी संगनमत केलं असेल तर गोष्ट वेगळी.

त्याची आणखी एक तक्रार होती. क्लबच्या इन्स्टाग्रामवर त्याने साधं “कोच बदला” लिहिलं तेही पुसलं आणि त्याला ब्लॉक केलं. “सर, हे तर माझ्या स्वातंत्र्यावर घाला आहे.” घटनेतलं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कलम १९ प्रामुख्याने सरकारचा हात धरण्यासाठी आहे. २०२३ मध्ये घटनापीठाने बहुमताने असं म्हटलं की, हा हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येईल. पण म्हणून क्लबने आपल्या पानावर प्रत्येकाची टिप्पणी ठेवलीच पाहिजे, असं होत नाही. त्यांनी आपल्या ओट्यावरून उठवलं, तर आपल्या ओट्यावर बसून बोलावं. खेळाच्या राष्ट्रीय संघटनांची गोष्ट थोडी निराळी. क्रिकेट मंडळ ‘राज्य’ नाही, असं सर्वोच्च न्यायालय २००५ मध्ये म्हणालं, पण ते सार्वजनिक काम करतं म्हणून त्याच्याविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. फुटबॉल महासंघाचा कारभार तर २०२२ मध्ये न्यायालयाने प्रशासकांच्या समितीकडेच दिला. त्यावर त्रयस्थांचा हस्तक्षेप म्हणून फिफाने १५ ऑगस्टला, मुहूर्त बघा, भारताला निलंबित केलं, आणि समिती गेल्यावर, निलंबनापासून अकरा-बारा दिवसांतच, पुन्हा घेतलं.

जगात जर्मनी

क्लब आपल्याच चाहत्यांवर कोर्टात जातात का? जातात. इंग्लंडमधल्या शेफील्ड वेन्सडे क्लबने आणि त्याच्या संचालकांनी २००७ मध्ये, टोपणनावांनी लिहिणाऱ्या चाहत्यांची खरी नावं मिळावीत म्हणून न्यायालय गाठलं. न्यायाधीशांनी एकेक ओळ वेगळी काढून पाहिली. बऱ्याचशा ओळी त्यांना गुत्त्यातल्या कुरकुरीसारख्या वाटल्या. त्यासाठी कुणाचं नाव उघड करणं त्यांना पटलं नाही. पण काही ओळींत संचालकांच्या सचोटीवर आरोप होते, आणि त्या लिहिणाऱ्यांची नावं द्यायला सांगितलं. मी या पोराच्या स्टेटसचं जे केलं तेच. फक्त तिथे टपरीऐवजी उच्च न्यायालय होतं. टोपणनावाची झूल किती पातळ असते, तेही यातून कळतं.

ब्लॅकपूलची गोष्ट जास्त कडू आहे. २०१०-११ चा एक हंगाम हा छोटा क्लब प्रीमियर लीगमध्ये खेळला, भरपूर पैसा आला आणि मग सगळं घसरत गेलं. चाहते लिहू लागले, तेव्हा मालक घराण्याने त्यांच्यावर दावे ठोकायला सुरुवात केली. एका वृद्ध चाहत्याला फेसबुकवरच्या मजकुरासाठी माफी मागून २०,००० पौंड मोजावे लागले. क्लबच्या अध्यक्षांनी स्वतः एका चाहत्याला शिवीगाळ करणारे मेसेज पाठवले होते; त्याबद्दल २०१५ मध्ये फुटबॉल संघटनेने त्यांना ४०,००० पौंड दंड आणि सहा आठवड्यांची बंदी घातली. चाहत्यांनी मैदानावर जाणंच सोडलं. २०१७ मध्ये एका भागीदाराने केलेल्या दाव्यात उच्च न्यायालय म्हणालं की, मालकांनी क्लबचा पैसा गैररीतीने बाहेर काढला, आणि त्या भागीदाराला ३ कोटी १० लाख पौंडांहून जास्त रक्कम द्यायला लावली. म्हणून त्या वृद्धाने लिहिलेला शब्द न् शब्द खरा होता असं नाही. पण भागीदाराच्या हातात वह्या होत्या आणि म्हाताऱ्याच्या हातात फक्त फोन.

आपल्या देशात चाहते जिंकल्याचं उदाहरण कोलकात्याचं. २०२० मध्ये तिथले एटीके आणि मोहन बागान हे दोन क्लब एकत्र आले आणि शंभरी ओलांडलेल्या मोहन बागानच्या नावाआधी ‘एटीके’ लागलं. चाहत्यांनी ‘एटीके हटवा’ हा एकच धोशा लावला, ऑनलाइन आणि स्टेडियममध्येही. मार्च २०२३ मध्ये संघाने आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) अंतिम सामना जिंकला, त्याच रात्री मालक संजीव गोएंका यांनी जाहीर केलं की पुढच्या हंगामापासून नाव मोहन बागान सुपर जायंट. त्या मोहिमेच्या मूळ मागणीत कुणी चोर नव्हता. हा निर्णय चुकला, तो बदला, एवढंच.

आणि जर्मनी. आपण अभिमानाने म्हणतो, जगात जर्मनी, भारतात परभणी. तिथे ‘५०+१’ असा नियम आहे. काही अपवाद सोडले तर क्लबमधली निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडे, म्हणजे आपल्यासारख्या चाहत्यांकडे राहतात. गुंतवणूकदार कितीही पैसा ओतो. २०२४ च्या सुरुवातीला लीगच्या हक्कांत बाहेरचा गुंतवणूकदार आणायचं घाटत होतं. चाहत्यांनी आठवडेच्या आठवडे मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने अडवले, आणि फेब्रुवारीत लीगने तो बेत सोडला. ज्याच्या हातात मत असतं त्याला स्टेटसवर सगळा राग काढावा लागत नाही. परभणीतल्या आमच्या क्लबच्या घटनेतही वार्षिक सभा आहे, सभासदांना मत आहे. सभेला येतात सात जण, त्यातले पाच पदाधिकारी. हे मी त्याला जरा घुश्शातच सांगितलं, कारण मागच्या सभेला तोही नव्हता. मीही नव्हतो.

चहाचे दोन कप झाल्यावर आम्ही स्टेटस पुन्हा लिहिलं. पाच गोल राहिले. शेंबडं पोरगं राहिलं. ‘बिनडोक’ त्याने स्वतःच काढलं. म्हणाला, चिटणीस माझ्या मामांचे दोस्त आहेत, बरं दिसत नाही. भाचा राहिला. चोर गेले आणि त्या जागी आलं : “किटसाठी वर्गणी किती जमली, किट कितीला आलं, दुकानाची पावती कुठे आहे, हे वार्षिक सभेत सांगा.” हिशोबाच्या नकलेचा अर्ज मी कोर्टातल्या टायपिस्टकडून करून दिला. अर्जाचे पैसे त्याने दिले, चहाचे मी.

रात्री त्याने मला स्क्रीनशॉट पाठवला. स्टेटस पाहणाऱ्यांच्या यादीत चिटणीसांचं नाव तिसरं होतं. फोन आला नाही. रविवारी गोलमध्ये भाचाच उभा होता, आणि त्याने एक पेनल्टी अडवली.